उखर्डू : य गण

अमळनेरच्या मार्केट यार्डात पहिला कट्टा काट्यावर चढला
की मी 'एक' म्हणत नाही.
'लाभ' म्हणतो. मग दोन, मग तीन.
शेठचा पुण्याहून आलेला भाचा विचारतो, मापाडी, एक कुठे गेला?
म्हटलं, आहे तिथंच.
फक्त त्याचं नाव घ्यायचं नाही.

हे मला भदाणे बाईंनी शिकवलं नव्हतं,
पण याला काय म्हणतात ते त्यांच्यामुळे कळलं.

मारवडची शाळा, नववी ब, वर पत्रे, एप्रिल.
डस्टरनं टेबल ठोकत बाई गण पाडायच्या,
लघु गुरू गुरू, य.
घामानं खडू बोटांना चिकटायचा.
वृत्त कशाशी खातात ते आम्हाला ठाऊक नव्हतं,
भरताशी की फौजदारी डाळीशी.

अलंकार बरे वाटले.
उपमेत 'सारखा' शोधायचा, उत्प्रेक्षेत 'जणू'.
अपन्हुतीला मात्र वर्ग गप्प.
जे आहे ते नाहीच म्हणायचं, बाई म्हणाल्या,
आणि दुसरंच काही आहे म्हणून दाखवायचं.
चाचणीत दोन गुणांना आलं : स्वतःचं उदाहरण द्या.

मी माझं नाव लिहिलं.
उखर्डू दौलत सैंदाणे.
खाली खुलासा, कारण ओळी उरल्या होत्या :

माझ्या आधी तिघं. चंद्रभान, सूर्यकांत, तेजराव.
तिघांनाही उपमा दिल्या होत्या.
तिघंही वर्षाच्या आत गेले.
मी झालो तेव्हा मायनं मला चिंधीत गुंडाळून
उकिरड्यावर ठेवलं, तोंड फिरवलं
आणि वरच्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,
'हाऊ पोऱ्या नही वं माय, हाऊ ते उकिर्डा शे.
उकिर्डाले कोन लई जाई?'
मग शेजारच्या ठगूबाईनं मला उचललं
आणि मायनं पाच पावशेर दादर मोजून
तिच्याकडून परत विकत घेतलं.

बाईंनी बरोबरची खूण केली नाही. चूकही दिली नाही.
दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना माझ्यापाशी थांबल्या.
पोरं नेहमीसारखी बाकं बडवायला लागली,

उखर्डू उखर्डू उखर्डू उखर्डू

बाईंनी डस्टर उचललं. वाटलं, बसलं आता कुणाच्या तरी डोक्यात.
त्यांनी ठेका धरला.
पुन्हा म्हणा, म्हणाल्या.
फळ्यावर माझं नाव चार वेळा,
अक्षरांच्या डोक्यावर चंद्रकोरी आणि आडव्या रेघा.
'भुजंगप्रयात. एक मात्रा इकडची तिकडे नाही.'
पोरं हसली नाहीत, आणि मला उगाच
कुणीतरी हसावं असं वाटत राहिलं.

अलंकार म्हणजे दागिना, वहीच्या पहिल्या पानावर आहे.
मायचा दागिना एकच, चांदीचे वाळे.
तिनं ते शेणात थापून गोवरीत ठेवले होते.
भिंतीवर शंभर गोवऱ्या.
कुठली, ते तिलाच माहीत.
शेवटी सांगायला लागली तेव्हा जीभ वळत नव्हती.
आम्ही चुली पेटवताना अजून प्रत्येक गोवरी मोडून बघतो.

आता यार्डात हमाल ओरडतात,
धरा रे, चढा रे, जरा थांब, ठेवा,
आणि कट्टा आदळतो 'ठेवा'च्या आधीच.
वृत्त मोडतं. कुणाला पत्ता नाही.
मी डोळ्यांनी किलो वाचतो, बोटांवर मात्रा,
पावती दोन्हींची एकच निघते.

परवा बँकेतली मुलगी, नवी असेल, हळू आवाजात म्हणाली,
काका, असं नाव आता बदलता येतं,
गॅझेटमध्ये देऊन.
मी खुर्ची पुढे ओढली.
राहू द्या, म्हटलं, तो अजून ऐकत असेल.

सही केली.
पहिलं अक्षर चटकन,
पुढची दोन सावकाश.